उसाच्या गाडीवर दोन सीबी अँटेना, मीटरचा काटा ३ च्या खाली येईना

धारूरघाट_दहाटायर

रामराम मंडळी. गाव केज तालुक्यात. दोन दहाटायरी गाड्या आहेत, एक मी चालवतो, एक चुलतभाऊ. सीझनला ऊस, नंतर लातूरच्या अडतीवरून सोयाबीन. भरलेली गाडी घेऊन रात्री धारूरचा घाट उतरायचा म्हणजे काय, ते उतरणाऱ्यालाच माहीत. आमच्या मोबाइलची रेंज नेमकी तिथंच जाते. मागच्या सीझनला भाऊ पुढं होता, मेन पाटा तुटून गाडी ऐन वळणात उभी. मला थांबवायला त्याचा किन्नर (क्लीनर) मोबाइलची बॅटरी हलवत चढावर पळत आला. दोन मिनिटं उशीर झाला असता तर मी त्याच्यावरच गेलो असतो.

म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून ४० चॅनलचे दोन सीबी सेट, म्हणजे गाडीतून गाडीत बोलायचे वायरलेस, आणले, २७ मेगाहर्ट्झचे. पहिला माझ्या गाडीत बसवला. ऊस केबिनच्या वर दोन हात असतो, एका बाजूला अँटेना लावली तर दुसऱ्या बाजूचं ऐकू येणार नाही असं वाटलं, म्हणून अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांसारख्या दोन्ही आरशांना चार-चार फुटी फायबरच्या लावल्या. गावातल्या इलेक्ट्रिशियननं डिशची केबल ओढून दिली, उजवीकडं ७ फूट, डावीकडं १२ फूट, आणि सेटमागं दोन्ही तारा पिळून टेप मारला. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती जोर सेटकडं परत येतो ते दाखवणारा, काटा १ च्या जितका जवळ तितकं बरं) लावला तर कुठल्याही चॅनलला साडेतीनच. केबिन बॉडीवाल्याकडून बांधलेली, लाकडी सांगाड्यावर पत्रा. करंट दोनपैकी एका बॅटरीवरून घेतलाय, कारण गाडी २४ व्होल्ट आणि सेट १२. एक अँटेना काढून टाकू का?

मांजराकाठ

काढून टाका. दोन अँटेनांमध्ये ९ फूट अंतर पाहिजे, तुमच्या आरशा-आरशात आठ-साडेआठच्या वर निघणार नाही. खर्च दुप्पट, फायदा कणभर. शिवाय शिवारातल्या रस्त्यानं बाभळी दोन्हीकडून ओरबाडतात.

जुना_तारवाला

दादा, आधी एक काम करा, बोलायचं बटण दाबणं बंद करा. काटा ३ च्या वर असताना बोललात तर सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाईल. ऐकायला हरकत नाही.

तुमच्या इलेक्ट्रिशियनला शिव्या देऊ नका, अर्धं काम त्यानं नकळत बरोबर केलंय. एका अँटेनाला ५० ओमची केबल लागते, पण दोन जोडताना ७५ ओमचीच लागते, आणि डिशची ७५ ची असते. चूक लांबीत आहे. २७ मेगाहर्ट्झची लाट साधारण ११ मीटरची. तिचा पाऊण भाग केबलच्या आत बसला पाहिजे, म्हणजे ५० ची अँटेना सेटच्या टोकाला शंभराच्या आसपास दिसते आणि अशा दोन शेजारी जोडल्या की परत पन्नासाच्या जवळ येतं. आरजी-५९ केबलमध्ये लाट हवेच्या ६६ टक्के वेगानं जाते, म्हणून प्रत्येक बाजूला १८ फूट. अमेरिकेत तयार जोडकेबल मिळते तीही १८-१८ फुटांची, ती यामुळंच. डिशच्या फोमवाल्या केबलला हाच हिशोब २२ फुटांच्या आसपास जातो, आणि तिची ॲल्युमिनियमची जाळी डाग घेत नाही, ती सोडाच. बारीक तारांच्या गाभ्याची आरजी-५९ घ्या, एकेरी तारेचा गाभा गाडीच्या हादऱ्यानं तुटतो. उरलेली केबल कापायची नाही, आठाच्या आकड्यात सैल बांधून सीटमागं टाकायची.

७ आणि १२ फूट म्हणजे जोडीतला एक बैल पुढं ओढतोय आणि दुसरा मागं रेंगाळतोय.

दुसरं दुखणं लाकडाचं. आरशाचा ब्रॅकेट लाकडात पिळलेला असेल तर अँटेनाला खाली जमीनच (अर्थ) नाही. बॅटरीच्या अर्थची विणलेली चपटी पट्टी मिळते, ती दोन्ही ब्रॅकेटपासून पत्र्याला आणि पत्र्यापासून चेसिसला द्या, रंग खरवडून, जितकी आखूड तितकी बरी.

एका बॅटरीवरून करंट घेऊ नका, ती बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर लावा, पण सेटपासून लांब, नाहीतर घूं घूं ऐकत बसाल.

आणि चॅनल. आपल्याकडं विनापरवाना मुभा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झपुरती, ५ वॉटपर्यंत. तुमच्या सेटचा २७ वा चॅनल २७.२७५ वर, २८ वा २७.२८५ वर, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. २७ च्या पुढं जायचंच नाही. अँटेनाही १, १४ आणि २७ वर मोजून लावा. २७ वर काटा जास्त असेल तर अँटेना लांब आहे, १ वर जास्त असेल तर आखूड. वरचा स्क्रू दोन्हीकडं सारखाच फिरवा. सेट जुन्या बाजारातला आहे, त्याला डब्ल्यूपीसीची (वायरलेसचे परवाने देणाऱ्या केंद्राच्या खात्याची) मान्यता आहे का तेही बघा, आणि नियमाचा मूळ कागद वाचा, त्यात अँटेनाबद्दल काय म्हटलंय तेही बघा.

मांजराकाठ म्हणतात तेही खोटं नाही. आठ फुटांवर दोन लावून पुढं-मागं थोडं जोर येईल, एवढंच. पण डोक्यावर ओला ऊस असताना एक बाजू आंधळी होऊ नये म्हणून दोन ठेवायच्या, हे मला पटतं.

धारूरघाट_दहाटायर

उशिरा लिहितोय, ऊसतोडीची टोळी बदलली, त्यात आठ दिवस गेले. केबल संभाजीनगरहून मागवली, १८-१८ मोजून कापली. आधी नुसती केबल बदलली तर काटा साडेतीनवरून अडीच. मग पट्ट्या दिल्या. डावा ब्रॅकेट उघडला तर आत बॉडीवाल्यानं रबराचा तुकडा घातलेला, हादरा बसू नये म्हणून! तो काढून पत्रा खरवडला, आणि १४ वर १.४ आला. २७ वर १.८ होता, दोन्ही स्क्रू दीड-दीड आटे आत घेतल्यावर १.५. गाडी मोकळ्या रानात उभी करून, दारं लावून मोजलं. पहिल्यांदा पेट्रोल पंपाच्या पत्र्याखाली मोजलं होतं, ते आकडे काहीच्या काही यायचे.

सेटच्या मान्यतेचं एका ओळखीच्या हॅमवाल्याकडं (हौशी रेडिओवाल्याकडं) विचारायला टाकलंय, तोवर नुसतं ऐकतोय. भावाच्या गाडीला मात्र एकच लावणार, त्याची केबिन कंपनीची लोखंडी आहे.

एक राहिलं. जोडावर गुंडाळायची ती रबरी टेप केजात मिळेना. सायकलची ट्यूब कापून बांधली तर चालेल?

जुना_तारवाला

सीझनभर चालेल. आत आधी साधी टेप घट्ट, वर ट्यूब, आणि जोडाच्या खाली केबलला एक झोका सोडा, पाणी तिथून टपकलं पाहिजे. पावसाळ्याआधी उघडून बघा, तांबं हिरवं पडलं असेल तर तेवढा जोड बदला, आणि कापायची वेळ आली तर दुसऱ्या बाजूची पण तेवढीच कापा.