पुरासाठी पतसंस्थेचा आराखडा: नेमकं काय लिहायचं?

लक्ष्मीपुरी_शाखा
आमचं मुख्य कार्यालय कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत तळमजल्यावर. तारण सोन्याची तिजोरी, सर्व्हर, जुनी दप्तरं सगळं तिथंच. संचालक मंडळानं आपत्ती आराखडा मागितलाय. नेटवरचे नमुने म्हणजे नुसते मोठमोठे शब्द. १२ माणसांच्या संस्थेला झेपेल असं काय लिहू?

बंधारा_बघे
पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर आराखडा बांधा. इशारा ३९ फूट, धोका ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं. बरेच जण ४३ ची वाट बघत बसतात, घोळ तिथंच होतो. पाणी पायरीला लागायच्या आधीच वीज तोडतात, शिरोलीजवळ हायवे बंद पडला की डिझेलची बोंब, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की फोन मुके. म्हणून ३५ ला टेम्पो ठरवायचा, ३९ ला सोनं आणि दप्तर हलवायचं, ४३ ला कुलूप. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर एक टप्पा आधीच धरा, आणि रात्री पातळी चढती असेल तर सकाळची वाट बघू नका.

किती फुटांना तुमच्या पायरीला पाणी लागतं हे शेजारच्या दुकानदारांना विचारून भिंतीवर रंगानं लिहून ठेवा. नंबरांची यादी कागदावर हवी, फक्त मोबाईलात नको.

ठरावबुक
टप्पे बरोबर, पण हुकूम कुणाचा? चेअरमन फोन उचलत नाहीत आणि मॅनेजर सोन्याला हात लावायला घाबरतो. मे महिन्यातच ठराव करा: ३९ फुटांना व्यवस्थापक आणि एक संचालक दोघांच्या सहीनं सोनं हलवतील, तो संचालक नसेल तर पुढचा कोण, तेही नावानिशी.

विम्याचं लगेच बघा. सोन्याचा विमा बहुधा एकाच पत्त्याचा असतो. दुसऱ्या शाखेचा पत्ता आणि वाटेतली जोखीम आधी लिहून घेतली नाही, तर टेम्पोतलं सोनं उघड्यावर. आणि फायरप्रूफ तिजोरी वॉटरप्रूफ नसते, हे संचालकांना ठासून सांगा.

मेगरवाला
पाणी दारातून यायच्या आधी संडासातून येतं. जयंती नाल्याला फुगवटा आला की ड्रेनेज उलटं वाहतं. वाळूची पोती निम्मी-पाऊणच भरा, गच्च भरली तर बसत नाहीत, फटी राहतात. एक पोतं जाड प्लास्टिकात गुंडाळून कमोडमध्ये दाबा, मोरीच्या जाळीवरही एक.

पाणी ओसरल्यावर मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही. वायरमननं ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासावं, १ मेगाओमच्या खाली रीडिंग आलं तर जोडणी नाही. चिखल काढण्याआधी फोटो, आणि विम्याचा सर्व्हेअर बघेपर्यंत भिजलेलं काही फेकू नका. भिजलेल्या दप्तरांना दोन दिवसांत बुरशी धरते. थोडी असतील तर सावलीत पंख्याखाली, ढीग असेल तर प्लास्टिक पिशव्यांत घालून कोल्ड स्टोरेजला गोठवायला, मग सवडीनं वाळवा.

लक्ष्मीपुरी_शाखा
संडासाचं डोक्यातच नव्हतं. बॅकअप रोज हार्ड डिस्कवर घेतो, पुरे ना?

बंधारा_बघे
डिस्क सर्व्हरच्याच टेबलात असेल तर दोन्ही एकदमच बुडतील. रोज संध्याकाळी ती उंचावरच्या शाखेत जाऊ दे. आणि जूनच्या आत एका रविवारी तिथल्या कॉम्प्युटरवर ती चढवून शनिवारची रोजकीर्द निघते का बघा. पासवर्ड एकट्या क्लार्कलाच माहीत असतो, तेही त्या दिवशी कळेल.