रेटिसंट की रिलक्टंट? मिनिट्समधल्या एका वाक्यावरून

*सोसायटी मराठी ग्रुप, वडोदरा*

बी-१०१ (सेक्रेटरी): रिडेव्हलपमेंटच्या सभेचे मिनिट्स इंग्रजीत लिहितोय, कारण निम्मे सभासद गुजराती आणि कागद वकिलांकडे जायचे आहेत. एक वाक्य बघा: "फाइव्ह मेंबर्स आर रेटिसंट टु साइन." चालेल?

ए-४०२ (काकू): नको. रेटिसंट म्हणजे बोलायला नाखूश, हातचं राखून बोलणारा. लॅटिनमधल्या 'गप्प बसणे' या क्रियापदावरून तो आला. पुढे अबाउट येतो: "ही इज रेटिसंट अबाउट हिज इन्कम." हल्ली बरेच इंग्रजही तो रिलक्टंटच्या जागी वापरतात, शब्दकोशांनीही नोंद घेतली आहे, पण जाणकार वाचकाला खटकतोच. वकिलाकडे जाणाऱ्या कागदात वादाचा शब्द कशाला? आणि हे पाच जण सभेत भरपूर बोलले आहेत.

बी-१०१: मग रिलक्टंट घालतो. की अनविलिंग?

ए-४०२: इथे जपून. रिलक्टंट माणूस आढेवेढे घेतो, पण पुष्कळदा शेवटी करतो. अनविलिंग म्हणजे तयारच नाही. "रिलक्टंटली साइन्ड" म्हणजे कां-कूं करत का होईना, सही केली. "अनविलिंगली साइन्ड" लिहिलंत तर सही दबावाखाली झाली असा अर्थ कुणीही काढेल. गुजरातच्या फ्लॅट मालकी कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर २५ वर्षं जुन्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटला ७५ टक्के सभासदांची संमती लागते. त्या हिशोबात कुरकुरत केलेली सही धरली जाते, पण जबरदस्तीची ठरली तर सगळंच अडकेल.

सी-२०३: काकू, आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, कलाभवनला, इलेक्ट्रिकलमध्ये शिकवतात तो रिलक्टन्स, म्हणजे चुंबकीय फ्लक्सला होणारा विरोध, याच अर्थाला धरून आहे. ऑलिव्हर हेविसाइडने १८८८ मध्ये हे नाव दिलं. एमएमएफ (फ्लक्स निर्माण करणारा चुंबकीय जोर) भागिले फ्लक्स, एकक अँपिअर-टर्न प्रति वेबर. लोखंडात रिलक्टन्स कमी, हवेच्या फटीत खूप जास्त. म्हणून मोटरमध्ये रोटर-स्टेटरमधली, म्हणजे फिरणाऱ्या आणि स्थिर भागांमधली, फट शक्य तितकी बारीक ठेवतात. पण फट असली तरी फ्लक्स जातोच, फक्त त्यासाठी जास्त करंट किंवा जास्त वेढे लागतात. विरोध आहे, बंदी नाही.

ए-४०२: वा, अगदी नेमकं. रिलक्टंटचा मूळ लॅटिन अर्थही झुंजणे, कुस्ती खेळणे असाच आहे. इंग्रज कवी मिल्टनने १६६७ च्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात तो प्रतिकार करणे याच अर्थाने वापरलाय.

ए-३०१: ताई, तुम्ही आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची मुलं शिकवता. आमच्या मुलाने निबंधात "अ‍ॅडव्हर्स टु चेंज" लिहिलंय. बरोबर आहे का?

बी-२०४ (ताई): नाही, तिथे अ‍ॅव्हर्स हवा. अ‍ॅव्हर्स माणूस असतो, नाक मुरडणारा. अ‍ॅडव्हर्स म्हणजे प्रतिकूल, तो परिणामाला, हवामानाला किंवा निकालाला लागतो: अ‍ॅडव्हर्स इफेक्ट. रायटिंगमध्ये शब्दसंपत्तीला चौथा हिस्सा गुण असतात, पण मुलांचे जास्त गुण जातात ते शब्दानंतर काय येतं त्यावर. रिलक्टंट, हेझिटंट, अनविलिंग, लोथ यांच्यापुढे टु आणि साधं क्रियापद: "रिलक्टंट टु पे". अ‍ॅव्हर्स आणि ऑपोज्ड यांच्यापुढे टु आणि आयएनजी: "अ‍ॅव्हर्स टु पेइंग". रिफ्यूजला "टु पे", अव्हॉइडला मात्र टु न लावता थेट "पेइंग". "अव्हॉइडिंग टु पे" ही चूक आपल्याकडे फार होते, कारण दोन्हींसाठी आपल्या मनात एकच 'टाळतोय' असतं. "रिलक्टंट फॉर पेइंग" तर अजिबात नको.

ए-३०१: लोथ आणि लोद एकच ना?

बी-२०४: नाही. लोथच्या स्पेलिंगला शेवटी ई नाही, उच्चार ओथसारखा, ते विशेषण. अर्थ आपल्या 'जिवावर येणे'च्या जवळचा: "शी वॉज लोथ टु लीव्ह." शेवटी ई लावला की लोद होतो, क्लोदसारखा. ते क्रियापद, म्हणजे तिरस्कार करणे. ई चुकला तर सोसायटी सोडायला जड जाणारी बाई सोसायटीचा तिरस्कार करणारी होते!

सी-२०३: आणि हेझिटंट?

बी-२०४: ज्याचा निर्णयच होत नाही तो. लशींबाबत व्हॅक्सिन हेझिटन्सी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ती आरोग्याच्या दहा मोठ्या धोक्यांत धरली होती. तिथे मात्र घेऊ की नको या घोळापासून थेट नकारापर्यंत सगळं त्या एका शब्दात येतं.

बी-१०१: मग असं लिहितो: "थ्री मेंबर्स आर हेझिटंट, टू आर अनविलिंग."

ए-४०२: सेक्रेटरीसाहेब, मनात काय आहे ते मिनिट्समध्ये लिहूच नका. उद्या कुणी म्हणेल, मी हेझिटंट नव्हतोच. जे घडलं ते लिहा: "थ्री मेंबर्स हॅव नॉट येट साइन्ड. टू हॅव डिक्लाइन्ड टु साइन." डिक्लाइन म्हणजे सौम्य शब्दांत दिलेला नकार, रिफ्यूजइतका तोडून टाकणारा नाही. पहिल्या वाक्यातला येट गाळू नका, त्याने दार उघडं राहतं. आणि त्या तिघांनी कार्पेट एरियाचा आकडा लेखी मागितलाय, तेही त्याच परिच्छेदात जोडा.