मॉरिशस, गणपतीचा आठवडा: राहायचं कुठल्या किनाऱ्यावर?

अबोली: आई-बाबांना घेऊन सात दिवस मॉरिशसला जायचंय. दोघंही पासष्टीपुढचे, शाकाहारी. मुक्काम एकाच ठिकाणी हवा. एजंट पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल सुचवतोय, बरंच स्वस्त आहे. घ्यावं का?

सागरगोटा: नको. बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद, त्यामुळे हवा सगळीकडे सारखीच असेल असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. ऑगस्ट-सप्टेंबर हा तिकडचा हिवाळा. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतात, मधल्या पठारावर चढताना पाऊस टाकतात आणि पश्चिमेला कोरडे होऊन उतरतात. पश्चिमेचं फ्लिक-आँ-फ्लाक घ्या. सुरूच्या झाडांची सावली, लांबलचक वाळू, बाहेर प्रवाळाचा बांध असल्यामुळे पाणी संथ. तरी रबरी बूट घालूनच उतरा. तळाशी अर्चिन, म्हणजे अंगभर काटे असलेले गोल समुद्री जीव असतात, शिवाय हुबेहूब दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश. दक्षिणेच्या ग्री-ग्रीला हा बांध नाही, लाटा सरळ कड्यावर फुटतात. वरून बघा, पाण्यात जाऊ नका.

काजवा: सहमत. गंगा तलाव हे हिंदूंचं तीर्थस्थान आणि क्युरपीप हे शहर मधल्या पठारावर, साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहेत, त्यामुळे किनाऱ्यावर ऊन असलं तरी तिथे धुकं आणि भुरभुर. स्वेटर, छत्री घ्याच. मेट्रो राजधानी पोर्ट लुई ते क्युरपीप आहे, फ्लिक-आँ-फ्लाकला नाही. गावाकडच्या बस संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बंद होतात, म्हणून आई-बाबांसाठी दिवसभराची टॅक्सी ठरवा आणि दर आधीच पक्का करा. प्लग ब्रिटिश, तीन चौकोनी पिनांचा. आपला गोल पिनांचा त्यात बसत नाही, अ‍ॅडॉप्टर लागेल.

जेवणाची काळजी नको. रस्त्यावर ‘ढोल पुरी’ मागा: पुरणपोळीसारखीच, पण आत गूळ नाही, नुसती शिजवून वाटलेली डाळ. दोन पोळ्यांची जोडी मिळते, वर घेवड्याच्या दाण्यांची रस्साभाजी आणि चटणी. तिखट नको असेल तर आधीच सांगा, मिरची सढळ हाताने घालतात.

अबोली: मग पश्चिमच. गणपती बघायला मिळतील का? पूजेचं सामान इथून नेऊ?

सागरगोटा: नक्की मिळतील. फ्लिक-आँ-फ्लाकजवळच्या कास्काव्हेलला मराठी वस्ती जुनी आहे. गणेश चतुर्थीची देशभर सार्वजनिक सुट्टी असते, पण बहुतेक वर्षी ती आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. बेत आखताना त्यांचं कॅलेंडर बघा. मिरवणुका पाण्याकडे निघतात, रस्ते तुंबतात, म्हणून त्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नका. दूर्वा, फुलं, नारळ मात्र नेऊ नका. रोपं, बिया, ताजी फळं परवान्याशिवाय नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. कापूर, उदबत्तीही तिथेच घ्या.