मदत हवी आहे: स्कॉलरशिपच्या नावाने फोन

नमस्कार मंडळी. माझी भाची ऐरोलीला राहते, वाशीला कॉलेजात आहे. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर) तिचा फॉर्म अजून कॉलेजच्या लॉगिनलाच अडकलाय, आणि परवा एका बाईंचा फोन: "स्कॉलरशिप मंजूर झाली, २,५०० रुपये प्रोसेसिंग फी भरा." महाडीबीटीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात थेट येतात, मग फी कसली? तिने पैसे दिले नाहीत, पण आधार आणि पासबुकचे फोटो पाठवून बसली. (बाई फार गोड बोलत होत्या म्हणे!) यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) साइटवरून तिचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केलंय. पैसे गेले नसतानाही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार घेतात का? बँकेत काय लिहून द्यावं? आणि तिने फॉर्म भरलाय हे त्या बाईंना कळलं कुठून? तिच्या वर्गातल्या आणखी कोणाला असा फोन आला असेल तर कॉलेजात कोणाला भेटावं?