क्वालिफाइंगचं अर्धं सत्र पावसाआधी, अर्धं पावसानंतर. वेळा एकाच यादीत कशा?

एडिसनकर_मस्टँग (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ छोटा ट्रॅक, दोन-दोन गाड्या शेजारी शेजारी सुटतात) गाडी पळवलीय किंवा कुठल्याही शर्यतीचं नियोजन केलंय त्यांचं मत हवंय. माझं चुकत असेल तर तसं स्पष्ट सांगा.

माझी 1993 ची मस्टँग आहे. 347 घनइंचांचं इंजिन, टर्बो नाही, नायट्रस नाही. 2018 च्या जानेवारीत इंग्लिशटाउनची स्ट्रिप बंद झाली. तोवर घरातून निघालं की अर्ध्या तासात रांगेत उभं राहता यायचं. आता स्पर्धा म्हटली की पहाटे उठून दोन-अडीच तास ट्रेलर ओढत जायचं. ट्रॅकचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं कष्टाळू आहेत आणि त्यांना बोल लावायला मी हे लिहीत नाहीये.

आमचा वर्ग स्ट्रीट टायरचा. लॅडर (बाद फेरीत कोण कुणाशी भिडणार तो तक्ता) 16 गाड्यांचं, आलो होतो 19. शनिवारी क्वालिफाइंगची, म्हणजे वेळेवरून लॅडरमध्ये जागा ठरवणारी, दोन सत्रं, दोन्हींतली जी वेळ चांगली ती धरायची, रविवारी एलिमिनेशन, म्हणजे हरला तो बाद. म्हणजे तिघं शनिवारीच घरी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. धावायचा क्रम तपासणीच्या वेळी चिठ्ठ्या काढून ठरला आणि मी चौथ्या जोडीत आलो.

पहिलं सत्र दुपारी 1:40 ला सुरू झालं. लेक माझ्याबरोबर असते, हवामानाचं छोटं यंत्र आणि वही तिच्याकडे. तिने लिहिलेल्या नोंदी समोर ठेवून लिहितोय: हवा 33 अंश, ट्रॅकचा पृष्ठभाग 55 अंश, डेन्सिटी अल्टिट्यूड 3200 फूट. (नव्या वाचकांसाठी: ऊन, दमटपणा आणि हवेचा दाब मिळून इंजिनाला ती हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ लागते, तो हा आकडा.) मी सुटलो तेव्हा साठ फुटांच्या आत मागच्या चाकांची पकड दोनदा सुटली. पकडीसाठी डांबरावर फवारलेला गोंद उन्हाने पातळ झाला होता, बुटाला काकवीसारखा चिकटत होता. वेळ आली 11.412. वाईट नव्हती. म्हटलं, संध्याकाळी दुसरं सत्र आहेच.

पाचवी जोडी गेली आणि सहावी पाण्याच्या खड्ड्याशी (सुटण्याआधी टायर भिजवून, जागीच फिरवून तापवतात ती जागा) पोचली तेवढ्यात थेंब पडायला लागले. मग धो धो. पाऊस पाऊण तासच होता, पण ट्रॅक वाळवायला तीन तासांच्या वर लागले. उरलेल्या नऊ गाड्या 6:10 ला धावल्या. वहीतली नोंद: हवा 21 अंश, पृष्ठभाग 29, डेन्सिटी अल्टिट्यूड 1700 फूट.

त्यानंतर बाकीच्या वर्गांची राहिलेली सत्रं उरकली. रात्री दहानंतर गावाच्या आवाजाच्या नियमामुळे इंजिन सुरू करता येत नाही, म्हणून आमचं दुसरं सत्र रद्द झालं. यादी लागली तेव्हा सोळाव्याची वेळ 11.389 होती आणि मी सतरावा. 23 सहस्रांश सेकंद! तेही सोडून द्या. संध्याकाळी धावलेल्या नऊपैकी नऊ आत होते आणि गळालेले तिघंही दुपारचे होते. हे वाचल्यावर मला माझ्यापेक्षा अठराव्या नंबरवरच्या मुलाचं जास्त वाईट वाटलं. ओहायोहून रात्रभर गाडी चालवत आला होता, पहिलीच मोठी स्पर्धा. यादीसमोर उभा राहून तो आपल्या वेळेची चिठ्ठी घडी करत होता आणि उलगडत होता.

माझं म्हणणं असं. वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळी हवा असणं हा अन्याय नाही. एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) मोठ्या स्पर्धांत शुक्रवारच्या संध्याकाळचं सत्र बहुधा सगळ्यात वेगवान असतं, शनिवारी दुपारी तापलेल्या ट्रॅकवर त्या वेळा सहसा मोडत नाहीत. कुणी तक्रार करत नाही, कारण ती संध्याकाळ सगळ्यांना मिळते. पाऊस पडून ती गेली, तर सगळ्यांचीच जाते. पण एकच सत्र मधोमध फाटलं आणि दोन्ही तुकडे एका यादीत शिवले, तर ते मोजमाप राहत नाही, चिठ्ठीचा खेळ होतो. अपूर्ण सत्र रद्द करून सहा वाजता सगळ्या 19 गाड्यांना नव्याने एकेक धाव द्यायला हवी होती. नऊ तर तेव्हा धावल्याच, जादाच्या दहा गाड्या म्हणजे पाच जोड्या, वीस-पंचवीस मिनिटांचं काम.

तुम्ही आयोजक असता तर काय केलं असतं?

स्टेजिंग_लेन (इंडियाना)

दादा, वाचून वाईट वाटलं. मी इंडियानापोलिसच्या आसपासच्या स्ट्रिपवर सुट्टीच्या दिवशी ट्रॅकच्या कामाला जातो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

पहिलं म्हणजे, पावसानंतरचा ट्रॅक हा फायदाच असतो असं धरू नका. पाणी नुसतं वर साचत नाही, रबराच्या थराच्या कडांमधून आत शिरतं. वरून कोरडं दिसतं आणि टायर फिरला की खालून ओल बाहेर येते. मग तो भाग खरवडून काढायचा, पुन्हा गोंद फवारायचा, टायरच्या यंत्राने रबर घासत न्यायचं. मोठ्या स्पर्धांना जेट इंजिनचे ड्रायर असतात, गावच्या ट्रॅकवर ट्रक आणि ब्लोअरवर भागवावं लागतं. इतकं करूनही पहिल्या दोन जोड्यांना पकड कमीच मिळते. आणि संध्याकाळी पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या जवळ आलं की डोळ्याला न दिसणारी ओल धरते. ते तर सगळ्यात धोक्याचं. तुमच्याकडच्या सहाव्या जोडीने त्या ट्रॅकवर पहिलं पाऊल टाकलं, हे विसरू नका.

दुसरं, तुम्ही वीस-पंचवीस मिनिटं म्हणता, पण प्रत्येक वर्ग तेच म्हणतो. सात वर्ग असले तर अडीच तास झाले, आणि दहाचं कुलूप डोक्यावर. एखाद्या गाडीचं तेल सांडलं की आणखी अर्धा तास.

एवढं सांगूनही तुमचा मूळ मुद्दा मला पटतो. सत्र हे एकक आहे, ते तोडू नये. एनएचआरएची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1955 साली कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला झाली, तीही पावसाने अर्धवट राहिली. राहिलेला शेवटचा भाग नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात उरकला आणि कॅल्विन राइस जिंकला. जवळपास दोन महिने आणि हजार मैलांची उठाठेव झाली, पण जे समोरासमोर यायचे होते ते एकाच ट्रॅकवर, एकाच दिवशी आले. मी आयोजक असतो तर सत्र रद्द केलं नसतं, लॅडर उघडं केलं असतं. 19 गाड्या आहेत ना, मग 32 चं लॅडर लावा. 13 जणांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न धावता पुढे चाल, तीनच जोड्या धावतील. रविवारी पंधरा मिनिटं जास्त. कुणीच घरी जात नाही.

कॅलिब्रेशनवाली (पुणे)

मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते, म्हणून आकड्यांबद्दल बोलते. डेन्सिटी अल्टिट्यूड हजार फुटांनी वाढली की टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद ढोबळमानाने 3 टक्के घटते. वेळ ताकदीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे वेळ साधारण 1 टक्का वाढते. दादांच्या बाबतीत 1500 फुटांचा फरक होता, म्हणजे 11.4 सेकंदांवर जवळपास 17 शतांश. ते चुकले 2 शतांशांनी. ट्रॅक ओलसर होता असं धरून निम्मा फायदा वजा केला तरी ते आत येतात.

मग कुणी म्हणेल, क्रिकेटसारखं डकवर्थ-लुईस लावा आणि दुपारच्या वेळा दुरुस्त करा. माझ्या मते हे करू नये. उंचावरच्या ट्रॅकसाठी काही वर्गांना दुरुस्तीचे गुणांक असतात, पण ते अख्ख्या स्पर्धेला सारखे लागतात. एका वर्गातल्या दहा गाड्यांना लावायचे आणि नऊंना नाही, हे जमत नाही. टर्बोच्या गाडीत बूस्ट (टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो तो दाब) ठरवून दिलेला असतो, हवा विरळ झाली तरी टर्बो जोरात फिरून बरंचसं भरून काढतो. तिला तुमच्याइतकीच सूट दिली तर तो तिसऱ्यावर अन्याय. आणि पकडीसाठी सूत्र कुणाकडेच नाही.

अजून एक. "नियम आधी छापला होता" एवढं पुरेसं नसतं. 22 मार्च 1992 ला सिडनीत दक्षिण आफ्रिकेला 13 चेंडूंत 22 हवे होते, पाऊस आला आणि शेवटी एका चेंडूत 21 उरले. नियम आधी ठरलेला होता, दोन्ही संघांनी मानलेला होता. तो चुकीचाच होता, म्हणून 1997 च्या पहिल्याच दिवशी हरारेत नवी पद्धत पहिल्यांदा वापरली गेली.

घाटावरचा (खेड, जि. पुणे)

भाऊ, मोटारींतलं आपल्याला फार कळत नाही, पण आमच्या बैलगाड्याचा घाट म्हणजे घड्याळाशीच शर्यत, त्यामुळे तुमचं दुखणं लगेच कळलं. यात्रेच्या दिवसांत वळवाचा पाऊस कधीही गाठतो. सकाळी धूळ उडत असते तेव्हा एकाची बारी निघते, दुपारी सर पडून गेली की दुसऱ्याची बैलं चिखलात पाय रोवत चढतात. तीन-चार दशांशांनी नंबर जातो.

आमच्या गावात एका वर्षी असंच झालं. अर्धे गाडे आदल्या दिवशी, अर्धे दुसऱ्या दिवशी. म्हातारी मंडळी देवळापुढे बसली आणि त्यांनी ठरवलं की दोन दिवसांची यादीच वेगळी. आदल्या दिवशीचे पहिले ते पहिले, दुसऱ्या दिवशीचे पहिले तेही पहिले, बक्षिसाची रक्कम वाटून. बैलाला त्याच्यासारख्याच मातीत पळालेल्या बैलाशी मोजायचं. कुणी कुरकुर केली नाही.

तुमच्याकडे दुपारचे दहा आणि संध्याकाळचे नऊ होते. दहातले आठ घ्या, नऊतले आठ घ्या. नवी धाव नको, जादा वेळ नको, ट्रॅकवाल्यांची ओढाताण नको. आदल्या दिवशीचा पाऊस तुमच्या हातात नाही, पण यादी कशी लावायची ते आहे की.

एडिसनकर_मस्टँग (न्यू जर्सी)

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटावरच्या भाऊंचं उत्तर लेकीला वाचून दाखवलं. तिने लगेच वही उघडून यादी दोन भागांत लावून पाहिली. दुपारच्या दहांत मी आठवा येतो, म्हणजे आत. तो ओहायोचा मुलगा नववा, म्हणजे बाहेरच. आणि ज्याने मला 23 सहस्रांशांनी मागे टाकलं तो नऊंमध्ये नववा, तोही बाहेर. हे पाहून मी बराच वेळ गप्प बसलो. माझ्या फायद्याचा नियम सापडला म्हणून तो बरोबर ठरत नाही. पण त्या दोघांनाही निदान सारख्या हवेत पळालेल्यांनी हरवलं असतं.

स्टेजिंग_लेन, सहाव्या जोडीबद्दल तुम्ही म्हणालात ते खरंय, मी त्यांचा विचारच केला नव्हता. त्यातला डावीकडचा ड्रायव्हर ओळखीचा आहे. फोन केला तर म्हणाला, तीनशे फुटांपाशी गाडी आडवी जायला लागली होती, ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा लागला. तरी तो चौदावा आला.

कॅलिब्रेशनवाली ताई, सूत्राचा नाद सोडला. माझ्याही मनात तेच होतं, टर्बोचं तुम्ही म्हणालात ते लक्षात नव्हतं आलं.

आज आयोजकांना पत्र पाठवतोय. त्यात चारच ओळी आहेत. सत्र मध्येच थांबलं आणि तासाभरात पुन्हा सुरू झालं, तर पुढे चालू ठेवा. तासाच्या वर गेलं आणि वेळ असला, तर सगळ्यांना नवी धाव. वेळ नसला, तर लॅडर उघडा, आणि तेही जमत नसेल तर दोन याद्या लावून दोन्हींतले वरचे सारख्या प्रमाणात घ्या. यातलं काय होणार ते सकाळच्या ड्रायव्हरांच्या बैठकीत, पहिला टायर जाळायच्या आधी सांगा.

पुढची स्पर्धा तीन आठवड्यांनी आहे. ओहायोच्या मुलाचा नंबर मी त्या रात्री घेतला होता. येणार म्हणतोय, या वेळी आदल्या दिवशीच निघून आमच्याकडे मुक्कामाला. ट्रेलर लावायला घरापुढे जागा आहे.