मदत हवी आहे: दुष्काळात चोच "वाढली" नाही, हे पोरांना कसं पटवू?

नमस्कार मंडळी, मी इंदूरला रामबागेत राहते, घरीच बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. इव्होल्युशनला आलं की दरवर्षी एकाच जागी गाडी अडते, यंदा नीट सोडवायचंच म्हणून विचारतेय.

मी प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर बेटाचं उदाहरण घेते. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांची मापं घेत होते. १९७७ ला पाऊस जेमतेम २४ मिमी, बारीक बिया खाऊन संपल्या, उरली ती गोखरूची टणक काटेरी फळं, आणि मध्यम ग्राउंड फिंच (फिंचचीच एक जात) साधारण १२०० वरून १८० वर आले. वाचलेल्यांची चोच सरासरी अर्धा मिलिमीटर जाड.

गोखरू तर आपल्याकडेही आहेच, पावसाळ्यानंतर मैदानात जाऊन आलं की चपलेत रुतून घरी येतं. तर मी चपलेतूनच चार काढले, एकाला भुवयांचा प्लकर दिला, दुसऱ्याला पक्कड. पक्कडवाल्याने कट्टकन फोडलं, प्लकर नुसता घसरत राहिला नि त्या पोराच्या बोटात काटा गेला. मग तोच म्हणाला, "ताई, मी रोज फोडत बसलो तर माझा हात मजबूत होईल ना, मग पक्ष्याची चोच का नाही होणार?" अख्ख्या वर्गाने माना डोलावल्या! मी "तसं नसतं रे" म्हटलं, पण हे काही उत्तर झालं नाही, प्रश्न त्याचा रास्तच आहे. गाइडमध्येही "परिस्थितीनुसार चोची बदलल्या" असंच छापलंय, वाचून कुणालाही वाटेल की त्या पक्ष्यानेच बदलली. काय दाखवू म्हणजे पटेल?

प्रतिसाद १
ताई, ग्रँट मंडळींनी पक्ष्यांच्या पायात कड्या घातल्या होत्या हे आधी सांगा, सगळी खुबी त्यातच आहे. दुष्काळाआधी मोजलेला पक्षी कडीवरून ओळखू यायचा, त्यामुळे कोण मेलं कोण राहिलं ते कळलं. चोच कुणाची वाढली नाही, बारीक चोचीचे जास्त मेले. आणि आईबापांची नि पिल्लांची मापं ताडून पाहिली तर जाड चोचीवाल्यांची पिल्लंही जाड चोचीची, म्हणून १९७८ च्या पिल्लांतही तो फरक उतरला.
वर्गात चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर चोचीचं माप. आधी सरासरी काढा, मग लहान आकड्यांच्या बऱ्याचशा चिठ्ठ्या काढून टाका आणि परत सरासरी काढा. अट एकच, एकाही चिठ्ठीवरचा आकडा खोडायचा नाही.

प्रतिसाद २
पुढचंही घ्या. १९८३ ला एल निनोमुळे (प्रशांत महासागराचं पाणी तापतं तेव्हा) धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ, नंतरच्या कोरड्या काळात बारीक चोचीचे जास्त टिकले. २००३-०४ चा दुष्काळ तर उलटाच गेला, तोवर बेटावर मोठा ग्राउंड फिंच ही दुसरी जात वस्तीला आली होती, गोखरू तीच फस्त करायची, त्यामुळे मध्यम फिंचमधले जाड चोचीवालेच जास्त मेले.

ताई
दोघांचे खूप आभार! चिठ्ठ्या आजच कापल्या, पन्नास. रविवारी त्या प्लकरवाल्यालाच सरासरी काढायला बसवते, आणि २००३ चा दुष्काळ सांगायच्या आधी कुठल्या चिठ्ठ्या जातील ते त्यालाच विचारते.