घरी टग, मैदानात पाठ: अ‍ॅजिलिटीसाठी खेळ बसवायचा कसा?

ऐरोलीकर
मिरी, इंडी (देशी कुत्री) मादी, १४ महिने, १६ किलो. घरात टग, म्हणजे खेळण्याची ओढाओढ, दणकून खेळते. 'सोड' म्हटलं की तीनदा सांगितल्यावर दोनदा सोडते. तेच खेळणं नेरुळच्या मैदानात नेलं की नाक जमिनीला आणि कान भटक्या कुत्र्यांकडे. तोंडापुढे हलवलं तर मान फिरवते. उकडलेलं चिकन घेते, गिळते, की पुन्हा हुंगणं सुरू. पुढे अ‍ॅजिलिटी (कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत) करायची आहे. उपाशी ठेवून न्यावं का? स्पर्धेच्या रिंगमध्ये खाऊ-खेळणं काहीच नेता येत नाही, मग या खेळाचा तिथे उपयोग काय? आणि उड्या आत्ताच सुरू केल्या तर चालतील?

घोडबंदर पट्टा
'तोंडापुढे हलवलं' इथेच घोडं अडलंय. घूस कधी कुत्र्याच्या नाकाशी येऊन नाचत नाही. ती पळते, भिंतीच्या कडेकडेने, मध्येच थबकते, परत सुटते. खेळणंही तसंच जमिनीलगत, तिच्यापासून लांब जाणारं हवं. नाकाशी येणारं खेळणं कुत्र्याला दडपण वाटतं. त्यात तुम्ही वाकून तिच्या डोळ्यात बघत असाल तर जास्तच.

जुन्या फ्लीसच्या चादरीच्या चार पट्ट्यांची घट्ट वेणी घाला, साधारण ४० सेंमी. एका टोकाला दीड मीटर दोरी. तुम्ही ताठ उभे, खेळणं जमिनीवर. दोन-तीन झटके, मग पायामागे लपवा आणि दोन सेकंद काहीच करू नका. ती डोकावली की सुटा. पहिली झडप हुकू द्या, दुसरी नक्की लागू द्या. सारखी हुकली तर नाद सोडते, पहिल्याच फटक्यात मिळालं तर चव येत नाही.

धरल्यावर ओढ आडवी, मान आणि पाठ एका रेषेत राहील अशी. वर-खाली हिसके नकोत, पुढचे पाय उचलले जातील असं तर अजिबात नको. जोर तिने लावायचा, तुम्ही ढील द्यायची. मधेच हात सोडून तिला जिंकू द्या आणि लगेच मागे पळा. खेळणं घेऊन तुमच्याकडे आली की पुन्हा ओढ. हिसकावून घ्यायला गेलात की ती खेळणं घेऊन पळायला शिकते.

आता 'सोड'. तिसऱ्यांदा सोडत नाही, कारण बहुतेक वेळा सोडलं की खेळ आटोपतो हे तिला कळलंय. क्रम असा: आधी शब्द, एकदाच. मग खेळण्याचा हात मांडीला टेकवून गप्प, खेळणं मेलेलं. सुटलं की एक सेकंद थांबा, 'घे' म्हणा आणि पुन्हा चावू द्या. दहापैकी आठ वेळा सोडण्याचं फळ पुन्हा चावणं असायला हवं. शब्द आणि हात थांबणं एकाच क्षणी आलं तर ती फक्त हात वाचते, शब्द वाया जातो.

उपाशी ठेवू नका. जेवून दोन-तीन तास झाले असले की पुरे. जेवल्या जेवल्या पळवू नका आणि जेवढं चिकन खाल्लं तेवढं जेवण कमी करा. तुकडा वाटाण्याएवढा. मोठा तुकडा चावत बसते आणि लय तुटते.

नेरुळ_सकाळ
खेळण्याबद्दल वरचं बरोबर, पण जागेचं काय? घर आणि मैदान यांच्या मधल्या पायऱ्या गाळल्यात. घर, लिफ्टची लॉबी, पोडियम (इमारतीचं सामायिक अंगण), रिकामं पार्किंग, मैदानाची कड आणि शेवटी मैदान. एका जागी सलग तीन दिवस बिनबोभाट खेळली की पुढची पायरी. पोडियमच्या गुळगुळीत टाइल्सवर मात्र टग नको, पाय घसरतात. रबरी मॅट अंथरा, नाहीतर गवत शोधा.

माझी मोजपट्टी साधी आहे. खात नाही म्हणजे कुत्रं धास्तावलंय, लांब न्या. खाते पण खेळत नाही, तुमचं हेच चाललंय, म्हणजे जागा अजून एक पायरी कठीण आहे. खेळते, म्हणजे काम सुरू करायला हरकत नाही. चिकन खातेय म्हणून ती ठीक आहे असं धरून चालू नका. आणि सगळंच हुंगणं मजेचं नसतं, काही कुत्री ताण आला की जमीन हुंगत बसतात.

मैदानाच्या कडेला पोचलात की खेळणं खिशात, हार्नेसला (छातीच्या पट्ट्याला) ५ मीटरची लाँग लाइन, म्हणजे लांब दोरी (कॉलरला नको, झटका मानेवर बसतो), आणि तुम्ही गप्प. नाव घेऊ नका, चुचकारू नका. तिला बघू दे, हुंगू दे. आपणहून तुमच्याकडे बघितलं की 'येस', आणि चिकन तुमच्या पायाशी. लगेच पुन्हा वळली तर पुन्हा. वळून परत जग बघायला गेली तरी चालेल, ओढू नका. खाल्ल्यावर पाच वेळा ओळीने तुमच्याकडेच बघत राहिली की दोन पावलं मागे सरका. ती मागोमाग आली की तेव्हा खेळणं बाहेर. २०-३० सेकंदांचे तीन डाव आणि घरी. सारखी हाक मारलीत तर लक्ष ठेवायचं काम तुमच्याकडे राहतं, आणि आपल्याला ते तिच्याकडे द्यायचंय. पाच मिनिटांत एकदाही बघितलं नाही तर डाव मांडूच नका, लांब जा.

भटक्यांच्या नजरेसमोर टग नको, चिकन जमिनीवर सांडणं तर नकोच. खाणं आणि खेळणं या दोन्हींवरून त्यांच्या हद्दीत भांडणं होतात. मे महिन्यात सकाळी साडेसहाच्या आत उरका. कुत्रं मुख्यतः धापा टाकून गार होतं आणि खाडीकाठच्या दमट हवेत ते नीट जमत नाही. जीभ लांब लोंबली, टोकाला पसरट झाली की खेळ बंद, सावली आणि पाणी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात खेळवू नका, लेप्टोची लस झालीय का ते डॉक्टरांना विचारा. गवतातून आल्यावर कान आणि पायाची बोटं फाकवून गोचीड बघायचे.

ऐरोलीकर
दहा दिवस केलं. पार्किंगपर्यंत मस्त खेळते. पण आता उलटंच: खेळ थांबवला की भुंकते, उड्या मारते, बाही धरते.

टनेलवाला
पारा चढलाय. चूक बहुतेक ही की डाव लांबले आणि मधे काम काहीच नाही. पाच सेकंद टग, 'सोड', हाताला नाक लाव किंवा बस, लगेच 'घे'. चढउतार हाच सराव. बाही धरली तर ओरडू नका, पुतळा व्हा. हातवारे आणि आरडाओरडा तिच्यासाठी खेळच. आणि खेळण्याचं टोक लांब ठेवा, आखूड खेळण्याने हात आपोआप दातांत जातो.

डाव संपवताना एकदम पाठ फिरवू नका. 'शोध' म्हणून पाच-सहा दाणे गवतात टाका. नाक खाली गेलं की धाप बसते.

घोडबंदर पट्टा
'शोध' शेवटी ठीक, मधे नको. मिरी चिकन खाल्ल्यावर हुंगायला जाणारी आहे, मधेच दाणे टाकलेत तर टगवर परत येणार नाही. खाऊवरून खेळण्यावर यायला वेगळं शिकवावं लागतं: आधी साधा कोरडा दाणा, मग लगेच खेळणं. चिकन नको, ते खेळण्यापेक्षा वरचढ ठरतं.

टनेलवाला
मान्य, तिच्या बाबतीत शेवटीच.

आता रिंग. बक्षीस अंगावर नसलं तरी ते आहे आणि आपण दोघं मिळून तिकडे जाणार आहोत, हे शिकवायचं. खाऊ-खेळणं झाकणाच्या डब्यात, डबा ३ मीटरवर स्टुलावर. तिच्यासमोर ठेवा, रिकामे हात दाखवा. एक सोपं काम, 'येस', आणि दोघं पळत डब्याकडे. एकटी डब्याकडे गेली तर झाकण असल्यामुळे काही मिळत नाही. रागावू नका, तुम्ही जागच्या जागी थांबा. परत आली की पुन्हा सोपं काम. मग कामं वाढवा, पण सरळ चढत्या क्रमाने नाही: १, २, १, ३, २, ४, १, ५. रोज एकेक वाढवत गेलात तर पुढचं नेहमी अवघड हे तिच्या लक्षात येतं आणि सुरुवातच मंद होते. अंतर ३ वरून १० मीटर, मग डबा गेटबाहेर. पाचव्या कामाला हरवली तर तीनवर या, डब्याचं अंतर मात्र तेव्हाच वाढवू नका. एका वेळी एकच गोष्ट कठीण.

उड्या: एफसीआयच्या (आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या) नियमात १८ महिन्यांखालचं कुत्रं स्पर्धेत उतरत नाही, म्हणजे घाई नाही. तोवर दांडी जमिनीवर, दोन खांबांमधून नुसतं धावणं आणि वळणं. पूर्ण उंचीआधी डॉक्टरांकडून सांधे तपासून घ्या. खांद्यापाशी उंची मोजा: ४८ सेंमी किंवा जास्त असेल तर लार्ज गट, दांडी ५५ ते ६०. ४३ ते ४८ च्या आत असेल तर इंटरमीजिएट, दांडी ४५ ते ५०. मोजताना टेप अंगावरून वाकवू नका, पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण करा. टनेल (बोगदा) ६० सेंमी व्यासाचा. आधी आकसून एक मीटरचा सरळ ठेवा, दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावा. लोळला की कुत्रं दचकतं आणि मग महिनाभर तोंड घालत नाही. वीव्हचे (नागमोडी धावण्याचे) १२ खांब, मधे ६० सेंमी, हे सगळ्यात शेवटी, कारण पाठीवर ताण येतो.

ऐरोलीकर
डब्याऐवजी चेनची पिशवी चालेल? घरात आहे.

टनेलवाला
पिशवी ती दोन दिवसांत चावून उघडेल आणि एकटीने जेवायला शिकेल. स्टीलचा घट्ट डबा घ्या. पण आधी दोन-तीन दिवस घरात झाकण उघडल्याचा आवाज आणि लगेच तुकडा, असं करा. नाहीतर पार्किंगमध्ये त्या खणखणाटाला दचकायची.